घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

नोकरदारांसाठी आयकर विवरणपत्र भरायची मुदत सहसा 31 जुलैला संपते. फॉर्म 16 जूनमध्येच मेलवर येऊन पडलेला असतो. तरी जुलैच्या शेवटच्या रविवारी माणूस माळा आवरतो, पंख्याची पाती पुसतो आणि मधूनमधून मुदतवाढीची बातमी आली का ते बघतो. स्टुलावर चढून घाम गाळणाऱ्या या माणसाला आळशी कसं म्हणायचं? कष्टाचं त्याला वावडं नाही. त्या एका कामाच्या नावाने पोटात जी धाकधूक होते, ती त्याला नको असते.

मानसशास्त्रज्ञ फ्यूशिया सिरोइस आणि टिम पिचिल यांनी 2013 मध्ये हेच मांडलं. चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न कमी, भावना सांभाळण्याचा जास्त. कंटाळा, भीती, ‘जमेल का?’ ही शंका, काम उद्यावर ढकललं की सगळं तात्पुरतं निवळतं. ती सुटका हेच बक्षीस, आणि बक्षीस मिळालेली वाट मेंदू पुन्हा धरतो. अशा वेळी नवी डायरी किंवा वेळापत्रकाचं ॲप आणणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

धाकधूक सगळ्यात जास्त असते ती कामाला हात लावण्यापूर्वी. पिचिल यांनी कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात विद्यार्थ्यांना पेजर देऊन दिवसातून अनेकदा विचारलं, आत्ता काय करताय, काय टाळताय, कसं वाटतंय? टाळताना डोंगराएवढं वाटणारं काम प्रत्यक्ष हातात घेतल्यावर ‘एवढं काही वाईट नव्हतं’ असं वाटल्याचं त्यांना आढळलं.

शिवाय सुरू केलेलं काम आपल्याला ओढू लागतं. याचा पुरावा जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा आहे, पण त्याचं श्रेय बऱ्याचदा भलतीकडे जातं. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या हाताखाली दोन तरुणी संशोधन करत होत्या. ब्ल्यूमा झायगार्निक यांनी 1927 मध्ये लिहिलं की अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात. त्या प्रसिद्ध झाल्या. मारिया ओव्स्यांकिना यांनी 1928 मध्ये वेगळीच गोष्ट तपासली. लोकांना कोडी सोडवणं, आकृत्या बनवणं अशी छोटी कामं द्यायची, रंगात आले की मध्येच थांबवायचं आणि नंतर त्यांना मोकळं सोडायचं. ना कुणाचा हुकूम, ना बक्षीस. तरी बहुतेक जण आपणहून अर्धवट कामाकडे वळले! पुढच्या काळातल्या प्रयोगांत झायगार्निक यांचा स्मरणशक्तीचा निष्कर्ष डळमळीत झाला. ओव्स्यांकिना यांचा मात्र बऱ्यापैकी टिकून आहे. चालढकल करणाऱ्याला खरा उपयोग त्याचाच.

म्हणून पहिलं पाऊल असं हवं, की काम खरोखर अर्धवट होईल. पोर्टलवर पॅन टाकून लॉगिन करायचं, आधीच भरून आलेलं नाव, पत्ता आणि बँक खातं तपासायचं, मसुदा सेव्ह करायचा आणि खुशाल बंद करायचं. पुढच्या वेळी पोर्टलच ‘रिझ्यूम फायलिंग’ म्हणून विचारतं. टेबल आवरणं, पेनं जमवणं, यूट्यूबवर ‘विवरणपत्र कसं भरावं’ बघणं ही मात्र पावलं नव्हेत. तो पंखा पुसण्याचाच सुशिक्षित प्रकार आहे.

पाऊल कधी टाकायचं तेही आधीच ठरवलेलं बरं. पीटर गोल्विट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी 1997 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची आदली संध्याकाळ कशी घालवली यावर 48 तासांत अहवाल लिहायला सांगितलं. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांच्याकडून आधी ठरवून घेतलं, त्यांच्यापैकी सुमारे 70 टक्क्यांनी तो वेळेत पुरा केला. बाकीच्यांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहिलं. ‘वेळ मिळाला की करतो’पेक्षा ‘रात्री जेवण झालं की डायनिंग टेबलावरच लॅपटॉप उघडतो’ हे जास्त चालतं, कारण तेव्हा पुन्हा मनाशी वाटाघाटी करायची वेळच येत नाही.

आणि तरीही दिवस वाया गेला तर? आपल्याकडे अशा वेळी स्वतःलाच चार शिव्या हासडायची पद्धत आहे. कार्लटनमध्येच 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या परीक्षेआधी टंगळमंगळ केलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं गेलं. ज्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली.