एकाच पानावर सारा वर्ग

ऑनलाइन वर्गासाठी मूडल, गूगल क्लासरूम की टीम्स यांपैकी कोणती प्रणाली वापरायची, हा प्रश्न आपल्याकडच्या बहुतेक प्राध्यापकांपुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदीबरोबर आला. तेव्हा निवड कसली, हाताला लागले ते घेतले. प्रश्न मात्र बराच जुना आहे.

१९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी संगणकावर शिकवणारी 'प्लेटो' ही यंत्रणा सुरू केली. विद्यार्थ्याने धडा वाचून उत्तर द्यायचे, यंत्राने ते तपासायचे. पुढे १९७३ मध्ये डेव्हिड वूली या तरुणाने तिला 'नोट्स' या संदेश लिहिण्याच्या सोयीची जोड दिली. हेतू होता यंत्रणेतल्या चुका नोंदवण्याचा, पण माणसे तिथे एकमेकांशी बोलू लागली. मला ही या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण आजच्या चर्चाफलकाचे मूळ तिथे सापडते.

नव्वदच्या दशकात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मरे गोल्डबर्ग या अध्यापकाने 'वेबसीटी' हे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याचे सॉफ्टवेअर तयार केले. २००६ मध्ये ते ब्लॅकबोर्ड कंपनीकडे गेले. तेच वेबसीटी पर्थच्या कर्टिन विद्यापीठात सांभाळताना मार्टिन डुगियामास यांना त्याच्या मर्यादा जाणवल्या. त्यांचे बालपण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेले होते आणि शाळा रेडिओवरून झाली होती. विद्यार्थी एकमेकांसाठी काही घडवताना शिकतात, या विचारावर त्यांनी मूडल उभारले. पहिली आवृत्ती २००२ ची. ते मुक्त परवान्याचे, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारे असल्याने कॉलेजला स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते. आयआयटी मुंबईनेही अभियांत्रिकी शिक्षकांच्या मोठ्या प्रशिक्षणांत ते वापरले.

सर्वांनी एकाच वेळी एकाच पानावर लिहायची सोय २००८ मध्ये इथरपॅड या वेबसेवेने छान जमवली. प्रत्येकाचे लेखन वेगळ्या रंगात दिसे, त्यामुळे गटकार्यात कोणी किती लिहिले ते शिक्षकाला लगेच कळे. पुढच्याच वर्षी गूगलने इथरपॅडची कंपनी विकत घेतली आणि सेवा बंद होणार असे जाहीर झाले. वापरणाऱ्यांनी ओरड केल्यावर संगणकसंहिता खुली झाली, म्हणून इथरपॅड आजही चालते. गूगलच्या ज्या 'वेव्ह' या एकत्र लिहिण्या-बोलण्याच्या सेवेसाठी ही खरेदी झाली, त्याचे काम २०१० मध्ये थांबले. गूगलचा जॅमबोर्ड हा सामायिक फळाही २०२४ अखेर बंद झाला.

मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मसुद्याने अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली. त्याच वर्षी गूगलने शिक्षणसंस्थांसाठीची अमर्याद मोफत साठवण संपत असल्याचे कळवले. जुलै २०२२ पासून साऱ्या संस्थेला मिळून मूळ मर्यादा १०० टेराबाइट. टाळेबंदीतली तासन्‌तासांची व्याख्याने तोवर तिथेच साठली होती.