लघुरूपे, वैद्यकीय व रासायनिक (खानदेशातील वापर)

लांब नावांची आद्याक्षरे घेऊन केलेली खूण. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे आजाऱ्याच्या गोळीलाही औषध म्हणतात आणि कपाशीवरच्या फवाऱ्यालाही; त्यामुळे एकाच घराच्या फळीवर दोन्हीकडची अक्षरे शेजारी बसतात. अक्षर कोणत्या कागदावर आहे, ते आधी पाहावे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची बरीच अक्षरे लॅटिन आहेत: बीडी दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. हेच टीडीएस पाण्याच्या मशीनवर विरघळलेले क्षार दाखवते आणि बँकेत कापलेला कर. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण चष्म्याच्या नंबरात उजवा डोळा.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकवाला शेतकरी दुकानात खताचे नाव घेत नाही, ‘झिरो बावन्न चौतीस द्या’ म्हणतो. हे आकडे एनपीकेच्या क्रमाने, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश असे शेकडा प्रमाण सांगतात. डीएपी हे खत 18:46:0, म्हणजे त्यात पालाश अजिबात नाही. पालाशला ‘के’ का, असे पुष्कळ जण विचारतात. पोटॅशियमचे लॅटिन नाव कॅलियम, म्हणून. रक्ताच्या रिपोर्टातला ‘के’ही तोच.

ईसी मात्र फसवते. ‘क्लोरपायरीफॉस 20 ईसी’ या कीटकनाशकाच्या बाटलीवर ते पाण्यात दुधासारखे मिसळणारे तेलकट द्रावण असते, आणि माती परीक्षणाच्या अहवालात विद्युतवाहकता, म्हणजे जमिनीतल्या क्षारांचे माप. क्लोरपायरीफॉस ऑर्गनोफॉस्फेट गटातले आहे. अशा औषधाची बाधा झाली की दवाखान्यात ‘ओपी’ म्हणतात; ओपीडीशी, म्हणजे बाह्यरुग्ण विभागाशी, त्याचा संबंध नाही. बाधितासोबत बाटली किंवा तिचे लेबल न्यावेच. उपचार गटावर ठरतात आणि घाबरलेल्या घरच्यांना नाव आठवत नाही.

नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा भागात सिकलसेलच्या, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासणीत दोन अक्षरांना फार वजन आहे. एएस म्हणजे वाहक: एक जनुक साधे, एक सिकलचे, आणि माणूस बहुधा ठणठणीत. एसएस म्हणजे दोन्ही सिकलचे, प्रत्यक्ष आजार. एएस वाचून ‘पोरीला आजार आहे’ असे गावात पसरते, ते चूक आहे. जपायचे ते लग्न जुळवताना: दोघेही एएस असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून सोयरिकीच्या बोलणीत दोन्हीकडचे रिपोर्ट समोर ठेवावेत, आणि ते हळदीच्या आधी.