उत्तर लांबते तेव्हा: ‘एकदाच मागावे की मागत राहावे’ या वादाची पार्श्वभूमी

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, विशेषतः जेथे आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते तेथे, एक प्रश्न वारंवार उभा राहतो. देवाकडे एखादी गोष्ट विश्वासाने मागितली आणि उत्तर आले नाही, तर तीच विनंती घेऊन पुन्हा त्याच्यापुढे जावे, की ती मिळाली असे धरून केवळ उपकारस्तुती करीत राहावे? काही ठिकाणी पुन्हा मागणाऱ्याला ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ असे तोंडावर सांगितले जाते आणि हा नियम प्रेषितांच्या काळापासून चालत आला आहे असे गृहीत धरले जाते. आज तो ज्या स्वरूपात मांडला जातो, त्या स्वरूपात त्याची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. चिकाटीने मागत राहण्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे.

दोन्ही बाजूंची शास्त्रवचने वाचकांच्या परिचयाची आहेत, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाही. एका बाजूला अन्यायी न्यायाधीश व न्याय मिळेपर्यंत मागत राहिलेली विधवा यांचा येशूने सांगितलेला दाखला आणि गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा त्याच शब्दांत केलेली प्रार्थना (मत्तय 26:44) आहे. दुसऱ्या बाजूला मिळालेच आहे असा विश्वास धरण्यास सांगणारे मार्क 11:24 आणि संशय न धरता मागण्यास सांगणारे याकोब 1:6 आहे. प्रेषित पौलाच्या ‘शरीरातील काट्याचा’, म्हणजे त्याच्या न हटलेल्या पीडेचा, उल्लेख मात्र दोन्हीकडून होतो. त्याने तीन वेळा विनंती केली आणि मग तो थांबला, हे खरे. पण तो थांबला तो ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ हे उत्तर मिळाल्यावर. चौथी विनंती अविश्वासाची ठरली असती असे तो कोठेही म्हणत नाही.

पहिल्या काही शतकांत या प्रश्नाने वादाचे रूप घेतल्याचे दिसत नाही. इजिप्तमधील वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांची शिकवण पाचव्या शतकात लॅटिनमध्ये लिहून ठेवली गेली. तिच्यात बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायाचा आधार घेऊन, उत्तर घेऊन येणाऱ्या देवदूताला एकवीस दिवस अडवले गेले तरी प्रार्थना पहिल्याच दिवशी ऐकली गेली होती, असा धीर दिलेला आढळतो. देवाला आपली गरज आधीच ठाऊक असताना मागायचे कशासाठी, या प्रश्नाला उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात उत्तर दिले. मागत राहिल्याने आपली इच्छा वाढते आणि देव जे देणार आहे ते घेण्याची पात्रता आपल्यात येते, असे त्याचे म्हणणे आहे. त्याच्या स्वतःच्या आत्मकथनातील प्रसंग तर प्रसिद्धच आहे. मुलाने रोमला जाऊ नये म्हणून त्याची आई मोनिका हिने कार्थेजच्या किनाऱ्याजवळील सिप्रियनच्या स्मरणार्थ असलेल्या प्रार्थनास्थळी रात्रभर रडून प्रार्थना केली आणि त्याच रात्री मुलगा तिला फसवून जहाजाने निघून गेला. त्या रात्रीची मागणी देवाने नाकारली ती मुलगा ख्रिस्ती व्हावा ही तिची कायमची मागणी पुरी करण्यासाठी, असे ऑगस्टीन पुढे लिहितो. इ.स. 387 मध्ये मिलानला त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती तेथे होती. मधल्या वर्षांत तिने तीच विनंती किती वेळा केली असेल, आणि तिला कोणीही अविश्वासू म्हटले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात सुधारक कॅल्व्हिनने आपल्या मुख्य ग्रंथाच्या 1559 च्या अंतिम आवृत्तीत प्रार्थनेवरील दीर्घ प्रकरणाचा शेवटच चिकाटीवर केला आहे. देव ऐकत नाही असे भासले तरी मागणे सोडू नये, असा त्याचा आग्रह आहे.

चित्र बदलले ते एकोणिसाव्या शतकात. 1840 च्या दशकात न्यूयॉर्कमधील मेथडिस्ट पंथाच्या एका शिक्षिकेने पवित्रीकरणाविषयी, म्हणजे अंतःकरण पापापासून शुद्ध होण्याविषयी, असे शिकवले की, स्वतःला पूर्णपणे वाहून दिल्यानंतर अंतःकरणात काही जाणवो वा न जाणवो, वचनाच्या आधारावर ते मिळाले असे धरावे. ही शिकवण आत्मिक वरदानापुरती होती. त्याच दशकात इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अनाथालये चालवणाऱ्या एका जर्मन सेवकाने निराळी वाट धरली होती. नोव्हेंबर 1844 पासून तो पाच जणांच्या तारणासाठी, म्हणजे ते ख्रिस्ताकडे वळावेत यासाठी, रोज नावे घेऊन प्रार्थना करू लागला. पहिला मनुष्य दीड वर्षाने वळला, दुसरा त्यानंतर पाच वर्षांनी, तिसरा आणखी सहा वर्षांनी. उरलेल्या दोघांसाठी छत्तीस वर्षे उलटल्यावरही प्रार्थना चालूच आहे आणि उत्तर येईल याविषयी शंका नाही, असे त्याने सांगितले. विश्वास आणि पुनरुक्ती यांत त्याला विरोध दिसला नाही.

पवित्रीकरणाचा नियम आजारपणाला लावला गेला तेव्हा खरी अडचण सुरू झाली. बॉस्टन, लंडन आणि स्वित्झर्लंड येथे आजाऱ्यांसाठी विश्वासगृहे, म्हणजे त्यांना ठेवून घेऊन ते बरे व्हावेत म्हणून प्रार्थना करण्याची घरे, उघडली गेली. जून 1885 मध्ये लंडनला या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रार्थना व तैलाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावणे) झाल्यावर लक्षणांकडे पाहू नये, बरे झालो असे मानून वागावे, असे या चळवळीत अनेकांनी शिकवले. या लोकांच्या हेतूबद्दल मला शंका नाही; वैद्यांनी आशा सोडलेल्यांना त्यांनी आपल्या घरात ठेवून घेतले. परंतु पापक्षमा आणि शरीराचे आरोग्य एकाच मापाने मोजल्यामुळे, ताप उतरला नाही तर दोष आजाऱ्याच्या विश्वासाचा, हा निष्कर्ष टाळणे कठीण झाले. लांबलेले उत्तर तोवर देवाच्या इच्छेतील गूढ मानले जात होते. आता तो मागणाऱ्याविरुद्धचा पुरावा ठरू लागला.

याला त्या काळच्या हवेचेही कारण असावे, असे माझे मत आहे. डिसेंबर 1871 मध्ये इंग्लंडचा युवराज विषमज्वरातून वाचला आणि पुढील फेब्रुवारीत लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये उपकारस्तुतीची उपासना झाली. 1872 मध्येच एका इंग्रजी मासिकातून असे आव्हान देण्यात आले की, रुग्णालयाचा एक विभाग निवडून त्यातील रुग्णांसाठी काही वर्षे विशेष प्रार्थना करावी आणि मृत्यूचे प्रमाण इतर रुग्णालयांशी ताडून पाहावे. मंडळ्यांनी ते स्वीकारले नाही, पण दिसणारे उत्तर दाखवून देण्याचा दबाव उरला.

चळवळीच्या आतूनही सावध आवाज उठले. आरोग्य हे ख्रिस्ताच्या प्रायश्चित्तातच, म्हणजे वधस्तंभावरील त्याच्या मरणाने मिळालेल्या तारणातच, अंतर्भूत आहे असे 1884 मध्ये ठामपणे लिहिणाऱ्या एका अमेरिकन लेखकाने, स्वतःच्या दीर्घ आजारात औषध घ्यावे लागल्यानंतर, 1897 मध्ये दुसरे पुस्तक लिहून आपले मत बदलले. देव बरे करतो यावरचा त्याचा विश्वास ढळला नाही. सर्वांना हमखास बरे करण्याचे वचन आहे, एवढेच त्याने मागे घेतले. 1916 मध्ये ब्रिटनमधील काँग्रिगेशनल पंथाच्या एका ईश्वरविज्ञानवेत्त्याने तर देवाशी झगडणारी, हट्ट न सोडणारी प्रार्थना देवाला हवीच असते, असे प्रतिपादन केले. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून पसरलेल्या विश्वासवचनाच्या (विश्वासाने तोंडून बोलाल ते मिळते असे सांगणाऱ्या) शिकवणीने ‘एकदाच मागा’ हा नियम पूर्वीपेक्षा कडक केला आणि आजाऱ्यासाठी मागताना ‘तुझी इच्छा असेल तर’ असे म्हणणेही चूक ठरवले.

2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासाचा दाखला आता या वादात दिला जातो. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1802 रुग्णांपैकी, आपल्यासाठी प्रार्थना होईलच याची खात्री न दिलेल्या दोन गटांत, प्रार्थना झालेल्यांपैकी 52 टक्क्यांना आणि न झालेल्यांपैकी 51 टक्क्यांना गुंतागुंत झाली. ती प्रार्थना ठरवून 14 दिवस करण्यात आली होती. वर्षानुवर्षे एकाच माणसासाठी गुडघे टेकण्याविषयी हा अभ्यास काही सांगू शकत नाही.

1980 नंतर आत्मिक युद्धाच्या, म्हणजे प्रार्थनेने दुष्ट आत्म्यांशी लढण्याच्या, शिकवणीबरोबर दानीएलाचे एकवीस दिवस पुन्हा पुढे आले आणि आरोग्यसभांमध्ये पुन्हा मागण्यास मनाई करणाऱ्या काही मंडळ्यांनीच एकवीस दिवसांच्या उपास-प्रार्थना सुरू केल्या. वाळवंटातील संन्यासी त्या अध्यायातून वाट पाहणाऱ्याला धीर देत होते. आताच्या शिकवणीत त्याच अध्यायावरून अडथळा मोडून काढण्याचे काम पुष्कळदा मागणाऱ्यावर सोपवले जाते. ‘एकदाच मागा’ आणि ‘मोडेपर्यंत मागा’ हे दोन्ही नियम आज एकाच मंडळीत शेजारी शेजारी नांदताना दिसतात आणि कोणत्या विनंतीला कोणता लागू, हे आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला बहुधा कोणी सांगत नाही.