शिजवलं तरी कडू ते कडूच

कच्च्या रसात सगळं सत्त्व राहतं आणि शिजवलं की ते मरतं, असं हल्ली फार ठामपणे सांगितलं जातं. दुधी, काकडी, भोपळा यांच्या बाबतीत हे अर्धवट खरं आहे, आणि उरलेलं अर्ध कधीकधी जिवावर बेतू शकतं.

क जीवनसत्त्व घ्या. त्याचा नाश विस्तवावर नव्हे, विळीवरच सुरू होतो. या कुळातल्या फळांत अ‍ॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज नावाचं तांबेयुक्त विकर (एन्झाइम) मुबलक असतं. अखंड फळात ते मुख्यतः पेशीभित्तिकेत असतं, तर बहुतेक क जीवनसत्त्व पेशीच्या आत. चिरलं, किसलं किंवा मिक्सरमधून काढलं की दोघांची गाठ पडते. विकर अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचे, म्हणजे क जीवनसत्त्वाचेच, हायड्रोजन काढून ऑक्सिजनला देतं, त्यांचं पाणी होतं आणि मागे डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल उरतं. शरीर तेही वापरतं, पण ते फार टिकत नाही. त्याच्या रेणूचं वलय उघडून डायकीटोग्युलोनिक आम्ल झालं की परतीची वाट बंद. रस जितका वेळ ठेवाल तितका हा प्रवास पुढे जातो.

विकर हे प्रथिन असल्याने उकळीच्या तापमानाला त्याची घडी मोडते. म्हणून फोडी गार पाण्यात टाकून सावकाश तापवण्यापेक्षा थेट वाफेवर घालाव्यात. उष्णतेने थोडं जीवनसत्त्व जातं, पण ते खाणारं विकरही थांबतं. पोटॅशियम उष्णतेने नासत नाही, पाण्यात उतरतं. ते पाणी फेकू नये. लाल भोपळ्यातलं बीटा-कॅरोटीन तर शिजवून, थोड्या तेलातुपासोबतच अंगी अधिक लागतं.

मात्र रानभोपळ्यांतली कुकुर्बिटासिन ही कडू विषारी संयुगं आचेला दाद देत नाहीत. प्राण्यांनी फळ खाऊ नये म्हणून वेलीने केलेली ती तजवीज आहे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोडं बी निवडून ती लागवडीच्या जातींत जवळजवळ संपवली, पण कडू वेलीचे पराग लागलेल्या फळातलं बी पेरलं तर ती परत येते. जर्मनीत 2015 साली परसातली कडू झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भोपळ्याची जात) खाऊन एक वृद्ध दगावले. ती शिजवलेली होती.

कारल्याचा कडूपणा याच घराण्यातल्या वेगळ्या संयुगांचा, तो नेहमीचाच. दुधी, काकडी किंवा झुकिनीचा मात्र देठाकडचा पातळ काप आधी जिभेला लावून बघावा. कडू लागला तर थुंकावा आणि अख्खं फळ टाकावं. भाजी झाल्यावर लक्षात आलं, तर भाजीही.