एपीएलमधले ईच आणि रँक: डबा उघडायचा की तक्ता कापायचा?

एपीएल ही चिन्हांनी लिहायची, याद्या आणि तक्ते एकदम हाताळणारी प्रोग्रॅमिंग भाषा. समजा, दोन मुलांचे तीन विषयांतले गुण एका तक्त्यात आहेत. पहिली ओळ ६० ७० ८०, दुसरी ५० ४० ९०. सगळ्यांना सरसकट पाच ग्रेस द्यायचे तर ५+तक्ता, संपलं. अधिकचं चिन्ह आपणहून एकेका आकड्यापर्यंत पोचतं. लूप नको, ईच (¨, फंक्शन प्रत्येक घटकावर चालवणारं चिन्ह) नको, रँकही (⍤, फंक्शनला किती मितींचे तुकडे द्यायचे ते ठरवणारं चिन्ह) नको.

आता ग्रेस विषयवार आहेत: ५ ० १०. डायलॉग एपीएलमध्ये (हा एपीएलचाच एक अवतार) ५ ० १०+तक्ता लिहिलं की रँक एरर येते, कारण एकीकडे एका मितीची यादी आणि दुसरीकडे दोन मितींचा तक्ता. इथे नवशिक्याचा हात हमखास ईचच्या दोन टिंबांकडे (¨) जातो. ‘प्रत्येक’ ओळीत मिळवायचंय ना! पण एरर तीच. ईचच्या लेखी ‘प्रत्येक’ म्हणजे प्रत्येक घटक. ओळ नावाची वस्तू त्याला दिसतच नाही. आपल्याला हवं ते ५ ० १० (+⍤१) तक्ता यात आहे. ⍤१ म्हणजे ‘तक्ता ओळीओळीने काप आणि एकेक ओळ फंक्शनच्या हातात दे’. उत्तर: ६५ ७० ९० आणि ५५ ४० १००.

मग ईच म्हणजे रँक शून्यच (⍤०, एकेक घटक फंक्शनच्या हातात) की! मीही बरेच दिवस हेच धरून चाललो होतो. (१ २ ३)(४ ५) अशी दोन डब्यांची यादी घ्या; डबा म्हणजे एका घटकात बंद केलेली अख्खी यादी. मोजणीचं ≢ ईचसोबत लावलं तर ३ २ येतं, ⍤०सोबत लावलं तर १ १. ईच डबा उघडून आतलं मोजतो. रँक बंद डबाच पुढे करतो, आणि बंद डबा एकच.

उत्तरं परत देतानाही हाच फरक. २ ३ वर ⍳ (१पासून त्या आकड्यापर्यंतची यादी देणारं चिन्ह) ईचने चालवा: (१ २) आणि (१ २ ३) असे दोन वेगळे डबे मिळतात. ⍤०ने चालवा: एक सलग तक्ता, पहिल्या ओळीच्या शेवटी भरतीचं शून्य. हे शून्य पुढच्या सरासरीत गुपचूप शिरतं, म्हणून लांबी कमीजास्त असेल तिथे मी ईचच वापरतो.

डायलॉगमध्ये रँक २०१४ साली, १४.० आवृत्तीत आला. एपीएलचे जनक केनेथ आयव्हरसन आणि रॉजर हुई यांच्या १९९०च्या ‘जे’ (J) भाषेत मात्र प्रत्येक फंक्शन जन्मतःच आपली रँक घेऊन येतं.