इंग्लंडमध्ये कर्करोगाची शंका आली तर: जीपीमार्फत थेट तपासणी कशी होते?

नोव्हेंबर २०२२ पासून इंग्लंडभरच्या जीपींना (म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांना) सीटी स्कॅन, सोनोग्राफी आणि मेंदूचा एमआरआय थेट लिहून देता येतो. आधी बऱ्याच भागांत तज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंत थांबावं लागे आणि तपासणी त्यानंतर. मात्र 'थेट' आहे ते जीपीसाठी. रुग्णाने स्वतः भरायचा असा स्कॅनचा अर्ज नाही.

स्तनात गाठ लागली, अशी ठळक लक्षणं असतील तर जीपी तातडीने रुग्णालयाकडेच पाठवतात. तिथे कर्करोग आहे की नाही हे २८ दिवसांत सांगायचं, असा निकष आहे. थेट तपासणीची सोय मुख्यतः अशा तातडीने पाठवण्याच्या निकषांत न बसणाऱ्या, तरीही काळजी वाटावी अशा लक्षणांसाठी आहे.

जीपीकडे नोंदणी मोफत आहे. पासपोर्ट किंवा पत्त्याचा पुरावा नाही, एवढ्या कारणावरून नकार देता येत नाही. व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरला असेल तर रुग्णालयातल्या तपासण्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. भारतातून भेटीला आलेल्या आईवडिलांचं तसं नाही. जीपीला दाखवणं त्यांनाही मोफत, पण रुग्णालयातल्या तपासणीचं बिल येऊ शकतं. खर्च आधीच विचारा, प्रवास विम्याची कागदपत्रं हाताशी ठेवा.

खरं महत्त्वाचं कागदपत्र म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेला लक्षणांचा कागद. आपल्याकडे 'पित्त झालंय' म्हणत महिने काढतात आणि जीपीलाही 'ॲसिडिटी' एवढंच सांगतात. मग हातात पित्ताच्या गोळ्याच पडणार. त्याऐवजी त्रास कधीपासून आहे, घास अडकतो का, वजन किती किलो उतरलं (बांगड्या सैल झाल्या, हेही सांगा), घरात कोणाला कर्करोग होता का, हे लिहून न्या. चालू औषधं लिहा, आयुर्वेदिक काढेसुद्धा. भारतातले जुने रिपोर्ट सोबत घ्या. इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर वेळ घेतानाच मराठी दुभाषा मागा. त्याचे पैसे लागत नाहीत.

शौचाच्या सवयी बदलल्या असतील तर बहुधा आधी 'फिट' चाचणीचं (शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी चाचणी) किट मिळेल. बाटलीच्या झाकणालाच काडी असते. ती शौचात खुपसायची, खाचा भरल्या की परत बाटलीत घालून झाकण घट्ट लावायचं आणि तारीख लिहायची. लाजून ते किट कपाटात ठेवू नका, पुढची दिशा त्यावरच ठरते. विष्ठेच्या दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त हिमोग्लोबिन (रक्तातला लाल घटक) निघालं तर तातडीने पुढे पाठवतात.

सीटीआधी मूत्रपिंडाचा विकार, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी), ॲलर्जी किंवा गर्भारपण असेल तर सांगा. एमआरआयआधी पेसमेकर आणि शरीरातला कुठलाही धातू.

निकाल कोण कळवणार आणि कधीपर्यंत, हे तपासणी लिहून देतानाच विचारा. ठरलेला दिवस उलटला तर फोन करा. 'फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक' असं धरून बसू नका. रिपोर्ट नॉर्मल येऊनही त्रास चालूच असेल तर परत जा. सप्टेंबर २०२५ पासून तिथे 'जेसचा नियम' आहे: त्याच तक्रारीसाठी तीनदा येऊनही निदान झालं नाही किंवा त्रास वाढत गेला, तर जीपीने नव्याने विचार करायचा. तिसऱ्या भेटीत त्याचं नाव खुशाल काढा.