फॉल्टी टॉवर्स : विनोदी भागाची बांधणी

फॉल्टी टॉवर्स : बीबीसी टू वाहिनीवरची ब्रिटिश विनोदी मालिका. तिचे सहा भाग १९७५ मध्ये आणि सहा १९७९ मध्ये प्रथम दाखवले गेले; एकूण बारा. लेखन जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांचे. हॉटेलमालक बेसिल फॉल्टीची भूमिका क्लीझ यांनी केली आणि पॉली या वेट्रेसची बूथ यांनी. बेसिलची बायको सिबिल प्रुनेला स्केल्स यांनी, तर बार्सिलोनाहून आलेला वेटर मॅन्युएल अँड्र्यू सॅक्स यांनी उभा केला. २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाणकारांच्या मतांवरून ब्रिटनमधल्या शंभर सर्वोत्तम दूरचित्रवाणी कार्यक्रमांची यादी केली, तीत ही मालिका पहिली आली. अर्ध्या तासाचा सिटकॉमचा भाग हसवतो कसा आणि पुढे वर्षानुवर्षे लक्षात का राहतो, हे उकलून पाहायला हिच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल. हिच्यातले बहुतेक हसे एकाला एक जोडलेल्या कारणांतून निघते, आणि ती कारणे मोजून दाखवता येतात.

बेसिलची भीती

मे १९७० मध्ये मॉन्टी पायथन मंडळी (क्लीझ ज्यात होते तो ब्रिटिश विनोदी कलाकारांचा गट) चित्रीकरणासाठी डेव्हन परगण्यातल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावी ग्लेनईगल्स हॉटेलात उतरली होती. तिथले मालक डोनाल्ड सिंक्लेअर यांना पाहुणे म्हणजे कामातला अडथळा वाटे. बेसिल त्यांच्यावरून सुचला. पण तऱ्हेवाईक मालक एवढ्यावर बारा भाग निघत नाहीत. लेखकांनी त्याला दोन गोष्टी जोडून दिल्या. त्याला वरच्या वर्गातल्या पाहुण्यांचा हव्यास आहे आणि बायकोची धास्ती आहे. पहिल्याच भागात, १९ सप्टेंबर १९७५ च्या ‘अ टच ऑफ क्लास’मध्ये, समोरचा माणूस लॉर्ड आहे हे कळताच त्याचा उर्मटपणा क्षणात लाळघोटेपणात बदलतो. तो लॉर्ड भामटा निघतो.

बेसिलचा राग सगळ्यांना आठवतो, भागाला गती मात्र त्याची भीती देते. नुसता रागीट माणूस भांडून मोकळा होतो आणि प्रसंग तिथेच संपतो. घाबरलेला माणूस खोटे बोलतो. ते लपवायला दुसरे खोटे बोलतो, त्यात तिसऱ्याला ओढतो, आणि तो तिसरा चुकतो. ‘खरे सांगून टाकले असते तर काय बिघडले असते?’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आला की फार्स कोसळतो. इथे तो येत नाही. सिबिलला कळले तर काय होईल, हे प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत पटलेले असते.

‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’

१९ फेब्रुवारी १९७९ चा हा भाग बांधणीसाठी सगळ्यात नीट पाहावा असा. यात तीन धागे आहेत. एक : बेसिलला शर्यतीत कोणता घोडा जिंकेल याची टिप मिळते. सिबिलने त्याला जुगाराची बंदी केली आहे. तो गुपचूप पैसे लावतो, ७५ पौंड जिंकतो आणि मॅन्युएलला बजावतो की घोड्याबद्दल तुला काहीही माहीत नाही. दोन : मिसेस रिचर्ड्स (जोन सँडरसन) ही ऐकू कमी येणारी, कशावरच समाधान न मानणारी पाहुणी. बॅटरी संपेल म्हणून ती कानातले यंत्र बंद ठेवते. तीन : तिचे ८५ पौंड हरवतात आणि ते खोलीतून चोरीला गेले, असा तिचा आरोप आहे.

दोन्ही रकमा मुद्दाम जवळच्या ठेवल्या आहेत. बेसिल जिंकलेले पैसे हॉटेलात कायम राहणाऱ्या विसराळू मेजरकडे (बॅलार्ड बर्कली) सांभाळायला देतो. मेजर ते कुणी दिले हे विसरतो आणि सापडले म्हणून पुढे करतो. सिबिल साहजिकच ते मिसेस रिचर्ड्सचे समजते. मोजल्यावर दहा पौंड कमी भरतात, तेही सिबिल गल्ल्यातून काढून देते. बेसिल शेजारी उभा आहे आणि तोंड उघडू शकत नाही. आता पैसे त्याचेच आहेत असे सांगणारा साक्षीदार उरतो एकच, मॅन्युएल. बेसिल गयावया करतो आणि मॅन्युएल अभिमानाने सांगतो की त्याला काहीही माहीत नाही. हुकूम त्याने अक्षरशः पाळला आहे. पहिल्या दृश्यात क्षुल्लक वाटलेली सूचना शेवटाकडे बेसिलच्याच गळ्याशी येते.

नंतर मिसेस रिचर्ड्सचे खरे पैसे दुकानात राहिलेले सापडतात, तिने घेतलेल्या फुलदाणीबरोबर हॉटेलात येतात आणि बेसिलच्या हाती पडतात. आयुष्यात पहिल्यांदा तो दहा पौंडांनी पुढे आहे. ही उसंत लेखकांनी जाणूनबुजून दिली आहे. माणूस आधी वर चढला नाही, तर पडताना हसू येत नाही. ऐन त्या वेळी मेजरला सिबिलसमोर सगळे आठवते, बेसिलच्या हातातली फुलदाणी फुटते आणि जिंकलेले पैसे भरपाईत जातात. ज्याने विसरायचे तो विसरला, ज्याने गप्प राहायचे तो राहिला, आणि नको त्या क्षणी आठवायचे त्याला आठवले. एकही माणूस स्वभावाबाहेर वागलेला नाही.

कानाच्या यंत्रावरचा विनोद वेगळा तपासावा. बेसिल आवाज न काढता नुसते ओठ हलवतो, ती यंत्राचा आवाज वाढवत नेते, आणि मग तो ओरडतो. एरवी हे क्रूर ठरले असते. ती यंत्र कंजूषपणाने बंद ठेवते हे आधी दाखवल्यामुळे हसे तिच्या व्यंगावर न जाता तिच्या हट्टावर जाते. दोन मिनिटांची ही पेरणी गाळली, तर तोच प्रसंग पाहवणार नाही.

लक्षात राहणारे दृश्य

‘गुर्मे नाइट’ (१७ ऑक्टोबर १९७५) म्हटले की बंद पडलेल्या गाडीला झाडाच्या फांदीने झोडपणारा बेसिल डोळ्यांपुढे येतो. तो तुकडा सुटा पाहिला तरी हसू येते, पण भागाच्या सुरुवातीला बेसिल दुरुस्तीचे पैसे वाचवण्यासाठी ती गाडी स्वतःच उघडून बसलेला असतो आणि सिबिल ती गॅरेजात द्यायला सांगत असते. पुढे खास मेजवानीच्या रात्री आचारी पिऊन पडतो. मेनूत बदकाखेरीज काही नाही. ते दुसऱ्या हॉटेलातून आणायचे, पहिले वाटेत नाही तर स्वयंपाकघरात वाया जाते, म्हणून पुन्हा धावायचे. गाडी तेव्हाच बंद पडते. तो मारतो गाडीला, पण ज्याला मारायला हवे तो कंजूष माणूस फांदी धरून उभा आहे, हे प्रेक्षकाला कळते. दुसऱ्या खेपेला तो चुकीचे झाकलेले ताट घेऊन येतो. झाकण उघडल्यावर खाली ट्रायफल, म्हणजे थरांचा गोड पदार्थ असतो, आणि बेसिल त्यात हात घालून बदक शोधतो. एका दृश्यात माणसाचा सगळा दोष सामावला की ते विसरले जात नाही. सुट्या गमतीजमती त्या मानाने लवकर पुसल्या जातात.

दारे आणि जिना

ही मालिका मुळात रंगभूमीवरचा फार्स आहे. जॉर्ज फेदो (१८६२–१९२१) याच्या फ्रेंच फार्सपासून ही रीत चालत आली. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांचे फार्स पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला ती शिकवावी लागत नाही. स्वागतकक्ष, त्यामागचे ऑफिस, जिना, भोजनगृह आणि स्वयंपाकघरात जाणारे झुलते दार, हे सारे एकमेकांना लागून आहे. त्यामुळे दोन माणसांची चुकामूक किंवा टक्कर सेकंदांवर बेतता येते. कोण कुठल्या दारामागे आहे हे पात्रांना ठाऊक नसले, तरी प्रेक्षकाला ठाऊक असायलाच हवे. ‘द किपर अँड द कॉर्प्स’मध्ये (१२ मार्च १९७९) झोपेतच दगावलेल्या पाहुण्याचे प्रेत खोलीतून खोलीत फिरते. ते आत्ता कुठे आहे याचा हिशेब प्रेक्षकाकडे पक्का असतो, म्हणूनच पुढचे दार उघडायच्या आधीच हशा सुरू होतो.

संहिता आणि मुद्रण

एका भागाच्या लेखनाला अनेक आठवडे आणि अनेक खर्डे लागत. आधी कथानक पूर्ण बसवायचे, संवाद नंतर, असा क्रम होता. संहितेची पाने नेहमीच्या अर्ध्या तासाच्या मालिकेच्या साधारण दुप्पट भरत, त्यामुळे वेग विलक्षण आहे. कागदावर ही जादू दिसत नाही. १९७४ मध्ये बीबीसीतल्या एका संहिता-परीक्षकाने पहिली संहिता वाचून, यात ठोकळेबाज पात्रांपलीकडे काही नाही, असा शेरा दिला होता. पाने वाचून हालचाल, पॉज आणि दारांचे टायमिंग कळत नाही, हे लक्षात घेतले तर त्या शेऱ्याचे नवल वाटत नाही.

आतली दृश्ये स्टुडिओत प्रेक्षकांसमोर, अनेक कॅमेऱ्यांनी मुद्रित होत. हॉटेलची दर्शनी बाजू बकिंगहॅमशरमधल्या वुबर्न ग्रेंज क्लबची. समोर प्रेक्षक असले की नटाला हशा ओसरेपर्यंत थांबावे लागते. लवकर बोलला तर वाक्य बुडते, उशिरा बोलला तर वेग मोडतो. त्या मोकळ्या सेकंदांत काय करायचे हे तालमीतच ठरवावे लागते. क्लीझ उंच शरीर ताठ करून ते सेकंद भरून काढतात, स्केल्स नुसत्या नजरेने. मारझोडीचा हिशेब चुकला तर इजा होते : ‘द वेडिंग पार्टी’त सॅक्स यांना डोक्यावर तव्याचा खरा फटका बसला, आणि ‘द जर्मन्स’मधल्या आगीच्या दृश्यात जॅकेटमधून धूर काढण्यासाठी वापरलेल्या रसायनांनी ते भाजले.

जुने झालेले

सगळेच टिकलेले नाही. मॅन्युएलला बसणारे फटके आज पूर्वीसारखे हसवत नाहीत. मात्र त्याची गंमत इंग्रजी न कळण्यापुरती नाही. तो प्रत्येक हुकूम प्रामाणिकपणे पाळतो, आणि हुकूमच मूर्खपणाचे असतात. स्पेनमधल्या डबिंगमध्ये त्याला इटालियन केले तरी पात्र चालले, ते यामुळेच. जून २०२० मध्ये यूकेटीव्ही या ब्रिटिश दूरचित्रवाणी कंपनीने ‘द जर्मन्स’ (२४ ऑक्टोबर १९७५) हा भाग मेजरच्या तोंडच्या वंशद्वेषी शब्दांमुळे काही काळ काढून घेतला आणि नंतर सूचनेसह परत आणला. हसे मेजरच्या बुरसटलेपणावर आहे, हे क्लीझ यांचे म्हणणे भाग पूर्ण पाहणाऱ्याला पटते. तुकडा कापून पाहिला तर पटत नाही. युद्धाचा विषय काढायचा नाही असे सर्वांना बजावणारा बेसिल स्वतःच तो पुन्हा पुन्हा काढतो, हा त्याच भागातला मुख्य विनोद आजही तितकाच चालतो, कारण त्याचे लक्ष्य जर्मन पाहुणे नसून यजमान आहे.

नकला

अमेरिकेत या मालिकेवरून १९८३ मध्ये एबीसीने ‘अमँडाज’ काढली. मुख्य भूमिकेत बिया आर्थरसारखी कसलेली विनोदी नटी होती, पण त्यात बेसिल ठेवलाच नव्हता. हॉटेल होते, गोंधळ होता, उर्मट उत्तरेही होती. नवरा-बायकोची जोडी गेल्यावर मालकिणीला घाबरायला कुणी उरले नाही, आणि कुणापासून काही लपवायचे कारणही उरले नाही. मालिका त्याच वर्षी बंद झाली. १९९९ मध्ये सीबीएसने ‘पेन’ नावाने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी जोडी ठेवली होती. नवऱ्याच्या भूमिकेत जॉन लॅरोकेट होते. तीही थोड्याच भागांत संपली. २०२४ मध्ये लंडनच्या अपोलो थिएटरात मूळ मालिकेतल्या तीन भागांचे, ‘द हॉटेल इन्स्पेक्टर्स’, ‘द जर्मन्स’ आणि ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’ यांचे, क्लीझ यांनीच केलेले नाटक आले. त्यात मिसेस रिचर्ड्स, घोडा आणि मॅन्युएलचे मौन हे धागे कायम आहेत.